तीन बोटं

साक्षीची हातापायांची मिळून वीस बोटं. त्यातली सतरा जशीच्या तशी होती. उजव्या हाताची तर्जनी, तिच्या शेजारचं मधलं आणि डाव्या हाताचं करंगळीलगतचं, ही तीन सुजली होती. सूज सांध्यांवर नव्हती. बोटाच्या मुळापासून पहिल्या पेरापर्यंत होती, आणि तिथून मागे हाताच्या पाठीवर थोडी उतरली होती. कातडी ताणलेली, चकाकणारी. लाली नव्हती. चावल्याची खूण नव्हती, ओरखडा नव्हता, काटा नव्हता, स्वेटरचा धागाही कुठे आवळलेला नव्हता. काखेत ताप शंभर पूर्णांक चार. बाही चढवताना पोरगी किंचाळली म्हणून अल्कानं हात पुन्हा बाहेर काढला, तिला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि हे सगळं पाहिलं. पाहून झाल्यावर तिनं पहिल्यापासून पुन्हा मोजलं. पुन्हा मोजल्यानं आकडा कमी होत नाही, हे लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजून पोट भरणाऱ्या बाईला तरी ठाऊक असायला हवं. तीनच होती. ती खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. बाहेर थंडीत गोंदियाची सकाळ नेहमीसारखी सुरू होती. समोरच्या घरचा माणूस स्कूटरला लाथा मारत होता आणि स्कूटर चालू होत नव्हती.

"काऊन रडून राहिली वं पोट्टी सकारपासून?" आतून कुसुमबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, विचारलं.

"हात सुजलाय, आई."

कुसुमबाई वाटीत लसणीचं कोमट तेल घेऊनच आल्या. कुठल्याही दुखण्याला त्या आधी तेल आणतात, मग दुखणं बघतात. त्यांनी साक्षीला मांडीवर घेतलं, फुगलेली बोटं उलटीपालटी करून पाहिली, आणि त्यांचा चेहरा काही बदलला नाही. "थंडीनं होते. पान्याच्या बादलीत हात घालून बसते, आइकते का कोनाचं? जशी आजी तशी नात." मग सुनेकडे बघून त्या हसल्या. "तू कायले एवढी पांढरी पडली? दवाखान्यात राहून राहून तुले सारेच बिमार दिसतेत. अवो, लोकेशचा पाय तर याच्या चौपट सुजला होता, ट्रॉली उलटली तवा. सारं रक्त धानाच्या बांधीत सांडलं होतं लेकराचं. नागपूरले चार बाटल्या रक्त चढोलं, तवा कुठं डोरे उघडले त्यानं. झाला ना नीट? धावते ना आता?"

"ट्रॉली कधी उलटली, आई?"

"तुमच्या लग्नाच्या आधीच्या साली. धानाचा चुरना चालू होता. तुले बघाले आला तवा काठी टेकत नोहता का?"

काठी अल्काला आठवत होती. बांबूची होती, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तिनं विचारायच्या आधीच लोकेशनं सांगितलं होतं, 'पडलो होतो, आता बरा आहे', आणि ते इतक्या सहज सांगितलं होतं, की पडणं म्हणजे सायकलीवरून पडणं, असं तिनं चार वर्षं मनात धरून ठेवलं होतं. मांडीवर एक लांब व्रण आहे. त्यावरून तिनं बोटही फिरवलं आहे. रक्ताचं कुणी बोललं नव्हतं. चुरणा म्हणजे मळणी, मळणी म्हणजे डिसेंबर. आणि ज्या शिबिरात तिनं त्याचं रक्त तपासलं, ते जानेवारीत झालं होतं. बाहेरून चढवलेल्या रक्तातल्या पेशी अंगात तीन-चार महिने जगतात. हे तिला शिकवलेलं होतं, तिनं परीक्षेत लिहिलेलं होतं, त्याचे पूर्ण गुण मिळालेले होते. आता ते वाक्य तिच्या डोक्यात एखाद्या अनोळखी माणसाच्या आवाजात कुणीतरी वाचत होतं.

"तेल राहू द्या, आई. चोळू नका. मी हिला सोबत नेते."

"चोरल्याशिवाय कसं उतरन ते?"

"नका चोळू म्हणते ना!" असं ती ओरडली, आणि साक्षी दचकून रडायची थांबली. कुसुमबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. या घरात येऊन तिला चौथं वर्ष होतं, आवाज पहिल्यांदाच चढला होता. ती लगेच वाकली, सासूच्या पायाला हात लावला, आणि तिथेच थोडा वेळ लावून ठेवला. "चुकलं," ती म्हणाली. कुसुमबाईंनी तिच्या डोक्यावर तेलकट हात ठेवला.

रिक्षात साक्षी शालीत गुंडाळलेली, सुजलेले हात पुढे धरून बसलेली, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि सांभाळून पोचवायचे आहेत. हे असं हात धरणं अल्कानं आधी पाहिलं होतं. संघदीप असाच बसायचा. तिचा भाऊ, तिच्याहून पाच वर्षांनी लहान, वर्गात कायम सगळ्यात बारका, डोळ्यांत पिवळट झाक. दोन-अडीच वर्षांचा असताना त्याची बोटं पहिल्यांदा सुजली, तेव्हा आईनं एरंडाची पानं तव्यावर गरम करून बांधली होती आणि अल्का सात वर्षांची, पानं धरून उभी होती. वात आहे, असं सगळे म्हणाले. मग पाय, मग पाठ, मग पोट. वात अंगभर फिरतो, असंही सगळे म्हणाले. दवाखान्यातले डॉक्टर सुई टोचताना दरवेळी 'नाही दुखणार हं' म्हणायचे, दरवेळी दुखायचं, आणि संघदीप दरवेळी त्यांच्याकडे बघायचा. रागानं नाही. नवलानं. अकरा वर्षांचा असताना, नव्याण्णवच्या पावसाळ्यात, ताप आणि छातीत दुखणं घेऊन तो चार दिवसांत गेला, आणि तेव्हाही कुणी त्या आजाराचं नाव घेतलं नाही, कारण ते कुणाला माहीत नव्हतं. नाव अल्काला भेटलं दोन वर्षांनी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, प्रात्यक्षिकाच्या तासाला. सरांनी काचेची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली, मुलं रांगेनं एकेक डोळा लावून पुढे सरकत होती. गोल गोल पेशींच्या मधे काही पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. सर म्हणाले, हा विळापेशींचा आजार, ह्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, जिथे अडकतात तिथे दुखतं, लहान मुलांची आधी बोटं सुजतात. मागचा मुलगा 'चल ना पुढं' म्हणाला तरी अल्का डोळा काढत नव्हती. तिला त्या दिवशी रडू आलं नाही. उलट एक विचित्र आनंद झाला होता, त्याची आठवण झाली की तिला अजून लाज वाटते. वाटलं होतं, सापडलं. एवढंसं, वाकडं, निमूट पडलेलं. तुला आता मी ओळखते.

त्या ओळखीवर तिनं पुढची सगळी वर्षं काढली. पुढे शिकायचं होतं ते जमलं नाही. बाबांचं डोळ्यांचं ऑपरेशन आलं. मग तंत्रज्ञाचा डिप्लोमा केला. सरकारी जागांच्या याद्या लागल्या, एकदा तिचं नाव प्रतीक्षा यादीत तिसरं होतं आणि दोघांनाच बोलावलं. आता ती या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर आहे. अकरा महिने संपले की एक दिवस तिचं नाव कागदावरून जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतं. त्या मधल्या दिवशीही ती कामावर येते, कारण रक्त काढून घ्यायला आलेली माणसं खेड्यातून पहाटेची निघालेली असतात आणि त्यांना हा हिशेब कोण सांगणार. ओमेश्वरी, तिच्या सोबतची तंत्रज्ञ, त्या दिवशी तिला हाक मारत नाही. "आज तू भूत है," म्हणते. "भूत के हाथ से चाय नहीं लेती मैं." आणि चहा घेते.

आज ओमेश्वरीनं दारातच साक्षीला उचलून घेतलं, "अरे, कोण आलं, छोटी मॅडम!", आणि मग हात बघितले. पवारांच्या घरची ही पोरगी तोंडाची फटकळ. तिनं साक्षीला हळूच खुर्चीवर ठेवलं.

"लोकेशभाऊचं कार्ड तर पांढरं आहे ना?"

"पांढरं आहे."

"मग? मग तू फालतू में डर रही. फार तर तुझ्यासारखं पिवळं निघेल. पिवळ्याला काय होते? तू नाही का घोड्यासारखी काम करत?"

पिवळं म्हणजे वाहक. आईकडून किंवा बापाकडून एकाच बाजूनं आलेलं, आयुष्यभर गप्प बसणारं. दोन्ही बाजूंनी आलं तर लाल. पांढऱ्यात काहीच नसतं. अल्काच्या लोकांत पत्रिका बघायची रीत नाही, ती मागच्या पिढीनं टाकून दिली. पण कामठ्याला ज्या दिवशी तिचं लग्न ठरलं, त्या दिवशी दोन्हीकडची वडील मंडळी सतरंजीवर कार्डं समोर ठेवून बसली होती. "पत्रिका गेली अन् कार्ड आलं बाप्पा," लोकेशचा काका म्हणाला होता, "पन हे बरं हाय, यात शनी नसते." सगळे हसले होते. तिचं पिवळं, त्याचं पांढरं. पिवळ्याला पांढरा चालतो. आणि ते पांढरं कार्ड तिच्याच शिबिरातलं होतं. कामठ्याच्याच समाजभवनात टेबल मांडून तिनं शिबिराच्या दिवशी नव्वदेक जणांची बोटं टोचली होती, बारक्या नळीतल्या पाण्यात थेंब सोडून, मागे काळ्या रेघांचा कागद धरून. रेघा दिसल्या तर ठीक, गढूळलं तर पुढची तपासणी. त्याच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या होत्या. तिनं त्या जरा जास्तच वेळ बघितल्या होत्या, कारण काठीवाला मुलगा टेबलाच्या पलीकडे उभा राहून तिच्याकडे बघत होता. तिनं विचारायचं ते विचारलं होतं. काही आजार? नाही, तो म्हणाला होता. रक्त सांडून पांढरा पडलेला, वर चार बाटल्या दुसऱ्याचं रक्त अंगात खेळत असलेला माणूस. अशा वेळी पिवळ्याचं पांढरं दाखवून नळी खोटं बोलू शकते. पण नळीवर शंका घ्यायला कुणीतरी कारण द्यावं लागतं.

तिनं साक्षीचा कोपर आपल्या दोन्ही तळहातांत धरून गरम केला. सगळ्या मुलांचा करते तसाच. बोटातून काढण्यासारखं आज नव्हतंच. "दुखणार," ती म्हणाली. ती कुठल्याच मुलाला 'नाही दुखणार' म्हणत नाही. अंगठ्याच्या नखाचं टोक दाखवते. "एवढं दुखणार. मग संपणार." साक्षीनं नखाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिला काही कळलं नव्हतं, आई म्हणते म्हणून डोलावली होती. सुई गेली तेव्हा ती रडली, पण हात तिनं ओढून घेतला नाही. नळीत रक्त चढत होतं, कुणाचंही चढतं तसं, गडद, शांत. नुसत्या डोळ्यांना रक्तातलं काही कळत नाही. अल्काला वाटलं, इथंच थांबावं. ही नळी धुऊन टाकावी. आतापर्यंत न कळता दोन वर्षं गेलीच की, चांगली गेली, पोरगी चालायला लागली, 'पानी दे' म्हणायला लागली, चंद्राला 'दिवा' म्हणते. इतके दिवस तिनं आपल्याच मुलीचं रक्त का तपासलं नव्हतं? फार तर पिवळं निघेल, त्यात काय घाई, असं ती स्वतःला सांगत आली होती. शेजारणींच्या, नर्सांच्या, रिक्षावाल्यांच्या पोरांना ओढून आणून तपासणारी ती. आज तिला पहिल्यांदा वाटलं, की ते कारण नव्हतं. आत कुठेतरी एक दार होतं आणि त्याला ती आजवर पाठ लावून उभी होती.

आधीच्या वर्षी आलेलं यंत्र कोपऱ्यात होतं. आत नळ्या ठेवल्या, की ते एकेक नळीतलं रक्त ओढून घेतं आणि रक्तातला लाल रंग कशाकशाचा बनला आहे ते वेगळं करतं. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे चालत जाते आणि जे सापडेल त्याचा डोंगर उभा करते. प्रत्येकाची जागा ठरलेली. पहिली जागा एफ, म्हणजे पोटातल्या बाळाचं रक्त, जे जन्मल्यावर हळूहळू मागे सरतं. त्यानंतर ए, जे सगळ्यांचं असतं, सगळ्यात उंच डोंगर. मग ए-टू, एक टेकाड. आणि सगळ्यात शेवटी एस, वाकणारं. एका नळीला सात मिनिटंही लागत नाहीत. आठ नळ्या आधीच रांगेत होत्या. अल्कानं साक्षीची नळी नवव्या खाचेत ठेवली. ओमेश्वरीनं ती काढून पहिलीत ठेवली. अल्कानं पुन्हा काढून नववीत ठेवली.

"पागल झालीस का?"

"हे सगळे आधी आलेत. अर्जुनीपासून आलेत."

"कोणी काही म्हणणार नाही, अल्का दीदी."

"मला माहीत आहे."

हे खरं होतं, की रांग तिनं कधी मोडली नव्हती, साहेबांच्या मेव्हण्यासाठीही नाही. आणि हेही खरं होतं, की नववी जागा म्हणजे एक तास. एक तास साक्षी कुणीच नव्हती, ना पांढरी, ना पिवळी, ना लाल. यातलं खरं कारण कोणतं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. चांगुलपणा आणि भीती एकाच नळीत घातली तर कुठलं यंत्र वेगळी करेल, एवढंच तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिनं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

पुढचं नाव रुख्मा. अर्जुनीकडची, चोवीस-पंचवीसची, पोट पुढे आलेलं, सोबत चार वर्षांचा मुलगा. मुलाचा निकाल कालच निघाला होता. लाल. तो सांगायचं काम अल्काचं. डॉक्टर औषध लिहितात, पण सांगायचं ती, कारण तिच्यासारखं कुणी सांगत नाही असं डॉक्टरच म्हणतात. आज तिला वाटलं, आपल्या तोंडून शब्द निघणारच नाहीत. मुलगा टेबलाच्या कडेला नाक टेकवून साक्षीकडे बघत होता. साक्षीही त्याच्याकडे बघत होती.

"मॅडम, हे जाते का?" रुख्मानं विचारलं.

"नाही. जात नाही."

"मंग?"

"राहतं. पण त्याच्यासोबत राहता येतं." आपला आवाज शेजारच्या खोलीतून येतोय असं तिला वाटलं. "पाणी भरपूर पाजायचं, शाळेतही बाटली द्यायची. थंडीत कान, हातपाय झाकून. ही गोळी रोज, नागा नाही. ताप आला की त्याच दिवशी आणायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. अंगारा लावायचा तर लाव, पण आधी इथे आण."

"माही सासू म्हणते माह्याच अंगातून आलं."

"दोघांकडून येतं. अर्धं तुझं, अर्धं त्याचं. कुणाचीही चूक नाही. सासूला घेऊन ये, मी सांगते तिला." आणि 'कुणाचीही चूक नाही' हे तोंडातून जाताना तिला कामठ्याचं टेबल दिसलं, काळ्या रेघा दिसल्या, स्वच्छ, सरळ, सुंदर. तिनं खुर्चीवरून उठून मुलाचा मफलर कानांवरून नीट बांधला. गाठ नीट बसली नाही, म्हणून ती दुसऱ्यांदा मारली.

"आनि हे?" रुख्मानं पोटावर हात ठेवला. "हेबी तसंच निंघन का?"

"चारात एक तसं निघू शकतं. चारातली तीन तशी नसतात."

"एक तर झालं ना मॅडम. मंग आता हे सुटलं."

अल्काला वाटलं, हो म्हणावं. 'हो' हा किती छोटा शब्द आहे. "तसं पाळीपाळीनं नसतं गं," ती म्हणाली. "दरवेळी नव्यानं चारात एक. पण दरवेळी नव्यानं चारात तीनही. जन्मलं की लगेच घेऊन ये. लवकर कळलं तर खूप करता येतं." रुख्मानं पिशवीतून एक मुरमुऱ्याचा लाडू काढून साक्षीपुढे धरला. साक्षीला तो धरता येईना. तिनं तोंड पुढे केलं.

साडेअकराला लोकेशचा फोन आला. मागे मुलांचा गलका होता. तो सात वर्षं एका विनाअनुदानित शाळेत शिकवतो, म्हणजे शाळेला मान्यता आहे आणि पगाराला नाही. सकाळी शिकवण्या घेतो, सुट्ट्यांत धानाच्या मिलमध्ये पोती मोजतो, आणि खडू संपले तर स्वतःच्या खिशातून आणतो. कुणी 'कायले करता गुरुजी' म्हटलं, तर म्हणतो, 'आज ना उद्या होईल, पोरं तर आजच आहेत.' याच गोष्टीसाठी ती त्याला 'हो' म्हणाली होती.

"आई म्हणते बोटं सुजली?"

"हो. तुला रक्त चढवलं होतं, नागपूरला?"

"हो. का?"

"शिबिरात मी विचारलं होतं."

"तू आजार विचारला होता. मला कुठे आजार होता? माझ्यावर तर ट्रॉली पडली होती," तो हसला. मग हसणं मधेच थांबलं. तो गणित शिकवतो. बाकीचा हिशेब त्याचा त्यानं केला. "अल्का?"

"शाळा सुटली की ये. तुझंही रक्त घ्यायचंय."

"आत्ता येतो."

"पोरांना सोडून नको येऊ. सुटली की ये."

फोन ठेवला तेव्हा यंत्र सहाव्या नळीवर होतं. त्याचा घरघराट एरवी तिला ऐकू येत नसे, आज दातांत जाणवत होता. साक्षी कुठे आहे म्हणून ती वळली. बाकड्यावर केवळराम बसला होता आणि साक्षी त्याच्या मांडीवर होती. केवळराम दवनीवाड्याचा, पन्नाशी उलटलेला, लाल कार्डवाला, दर महिन्याला गोळ्या न्यायला येणारा. उंचीनं बेताचा, डोळे हळदीसारखे, खुब्याचं हाड झिजल्यामुळे झुकून चालतो. तरी सायकलच्या कॅरिअरला लाखोरीच्या भाजीचं गाठोडं बांधून येतो आणि अर्धी भाजी प्रयोगशाळेत वाटून टाकतो. साक्षीचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातांत घेतले होते. चोळत नव्हता, हलवत नव्हता. नुसते धरले होते.

"हे तुही होय का वं माय?"

"हो, काका."

त्यानं बोटांकडे पाहिलं होतं आणि तिला कळलं, की त्याला कळलं आहे. संघदीप असता तर अशीच नजर झाली असती.

"दुखते का गा लई?" त्यानं साक्षीला विचारलं, मुलग्याला विचारावं तसं. साक्षीनं मान हलवली. "मलेबी दुखते. आपून दोघं मिरून त्याले शिव्या देऊ." आणि त्यानं हळू आवाजात दुखण्याला अशी एक शिवी दिली, की ओमेश्वरी पलीकडून ओरडली, "काका! दवाखाना है!"

"दवाखानाच हाय, मंदिर नाई," केवळराम म्हणाला, आणि साक्षी त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

अल्काला त्याचा आलेख पाठ होता. यंत्र आलं त्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा त्याचंच रक्त लावलं होतं. एची जागा सपाट, शेवटी एसचा उंच सुळका, सगळं पुस्तकातल्यासारखं. पण सुरुवातीलाच, डावीकडे, एक डोंगर होता जो तिनं तोवर मोठ्या माणसात पाहिला नव्हता. एफ. बावीस टक्के. पोटातल्या बाळाचं रक्त, जे मागे सरायला हवं होतं आणि या माणसात सरलं नव्हतं. तिनं वाचून काढलं होतं, इकडच्या बऱ्याच लोकांत ते असं राहून जातं, आणि ज्याच्यात राहतं त्याच्या पेशींना वाकू देत नाही, निदान सगळ्यांना नाही. आडोसा धरून उभं राहतं. संघदीपचं एफ किती होतं, कुणी मोजलं नव्हतं. दोन असेल. पाच असेल. आता ते कुठेच नव्हतं मोजायला.

आठवी नळी बाहेर आली. तिनं तो निकाल नीट पाहिला, नाव पुन्हा ताडून पाहिलं, पांढरा होता, बाजूला ठेवला. नववी नळी आत सरकली. तिनं साक्षीला केवळरामच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि पडद्यासमोर उभी राहिली. ओमेश्वरी येऊन मागे थांबली. कुणी कुणाला हात लावला नाही. साक्षीच्या केसांना लसणीच्या तेलाचा वास येत होता. कुसुमबाईंनी नको म्हटलेलं ऐकून हात सोडले होते आणि तेल डोक्याला लावलं होतं. तापलेलं कपाळ अल्काच्या मानेला टेकलं होतं. अल्काला तोंडात लोखंडाची चव आली. आपण खालचा ओठ चावलाय, हे तिला मागाहून कळलं. रुख्मा आता घरच्या बसमध्ये बसली असेल. संध्याकाळी लोकेश येईल, बाही वर करेल, दुखणार का म्हणून थट्टा करेल, आणि ती नखाचं टोक दाखवेल. उद्या पोटभर पाणी. मोजे. गोळी रोज, नागा नाही. ताप आला की त्याच दिवशी. हे सगळं तिला येत होतं, बारा वर्षांपूर्वी, संघदीप गेला तेव्हा येत नव्हतं ते सगळं, आणि तरी ती ते पहिल्यापासून पुन्हा मोजत होती.

रेघ डावीकडून निघाली. थोडी सरळ चालली आणि पहिल्याच जागी वर चढायला लागली. चढत गेली, वाकली, खाली आली. मग एची जागा आली. रेघ सरळ चालत राहिली.

"आई, पानी दे," साक्षी म्हणाली.

अल्कानं पडद्यावरची नजर न काढता मागे हात केला. ओमेश्वरीनं त्यात बाटली ठेवली. साक्षी पाणी प्यायली, सगळं, घटाघटा, आणि रिकामी बाटली दोन मनगटांत धरून ठेवली. उजवीकडे रेघ उभी वर गेली होती. प्रिंटरमधून कागद हळूहळू बाहेर आला. अल्कानं तो फाडला, टेबलावर ठेवला आणि हातानं सपाट केला.

साक्षी लोकेश. वय दोन वर्षे तीन महिने. एफ २४.६ टक्के. ए नाही. ए-टू २.९ टक्के. एस ७२.५ टक्के.